दमेकरी रुग्णाची औषधी स्ट्रेस टेस्ट : परभणी जिल्ह्यातलं एक प्रकरण

ज्याला ट्रेडमिलवर पळता येत नाही, त्याच्या हृदयावरचा ताण औषध देऊन वाढवतात किंवा ताणात होतो तसा रक्तप्रवाहाचा बदल औषधाने घडवून आणतात, आणि मग हृदयाचं चित्र घेतात. ही औषधी स्ट्रेस टेस्ट. तिच्याआधी काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं, हे टेस्ट कोणत्या औषधाने होणार आहे यावर ठरतं. आणि ते औषध कोणतं, हे रुग्णाची छाती, लघवी, किडनी आणि रोजच्या गोळ्या बघून ठरतं. प्रत्यक्षात मात्र अनेकदा तारीख आधी मिळते, सूचनांचा छापील कागद मिळतो, आणि रुग्णाला नेमकं काय काय आहे हे कुणी विचारत नाही. मी परभणीत फिजिशियन आहे. माझ्याकडच्या एका रुग्णाच्या बाबतीत हा क्रम वेळेत सरळ करता आला. तो कसा, हे नीट सांगावंसं वाटतं. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

रुग्ण

वय 64, मानवत तालुक्यातले अल्पभूधारक शेतकरी. उमेदीची वर्षं जिनिंगमध्ये हंगामी मजुरी केली. मानवत, सेलू, परभणी हा कापसाचा पट्टा आहे, आणि जिनिंगच्या शेडमध्ये कापसाची बारीक धूळ दिवसभर हवेत तरंगत असते. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो हे जगभर मान्य झालेलं आहे. या गृहस्थांना दमा होता, बारा वर्षांचा मधुमेह होता, रक्तदाब होता, आणि दोन्ही गुडघे इतके झिजलेले की जिना चढताना कठडा धरावा लागे.

तक्रार त्यांच्याच शब्दांत : "साहेब, दोन शेतं ओलांडली की छातीवर कुणी बसल्यावानी होतंय. बांधावर टेकलं की मोकळं." दोन महिन्यांपासून हे असंच होतं, वाढलेलं नव्हतं. झोपेत किंवा बसल्या जागी दुखत नव्हतं. हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. आराम असताना दुखत असेल, किंवा दुखणं अलीकडे झपाट्याने वाढत असेल, तर स्ट्रेस टेस्टचा विचारच करायचा नसतो, सरळ दाखल करायचं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2013 मध्ये अडेनोसिन आणि रेगाडेनोसॉन या टेस्टच्या औषधांबद्दल नेमका हाच इशारा दिला होता. ही औषधं दिल्यावर क्वचित हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू झाल्याच्या घटना समोर आल्या, म्हणून अस्थिर दुखणं असलेल्या रुग्णांना ती देणं टाळा, असं त्यात म्हटलं होतं.

ईसीजीत डावीकडचा बंडल ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला जाणारा विजेचा संदेश अडणं, नव्हता. साध्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग 55 टक्के म्हणजे ठीक, महाधमनीची झडप मोकळी. किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन 1.8, म्हणजे वाढलेलं. सीटी अँजिओग्राफीचाही विचार झाला, पण त्यातली डाय सोसायला किडनी आधीच थकलेली, जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून चित्र धूसर येण्याची शक्यता, आणि सीटीसाठी ठोके कमी करायला बीटा ब्लॉकर वाढवावा लागला असता, तोही दमेकऱ्याला, ज्याच्या श्वासनलिका त्याने आवळू शकतात. म्हणून औषधी स्ट्रेस टेस्ट हा मार्ग बरोबरच होता.

तारीख आणि कागद

मुलाने छत्रपती संभाजीनगरच्या एका केंद्रात फोनवर थॅलियम टेस्टची तारीख घेतली. यात किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देऊन हृदयाचा रक्तपुरवठा कॅमेऱ्यात बघतात. लोक थॅलियम म्हणतात, डॉक्टरही म्हणतात, पण आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात. व्हॉट्सॲपवर सूचना आल्या : चार तास उपाशी, चोवीस तास चहा-कॉफी नाही, ब्लडप्रेशरची गोळी दोन दिवस बंद, जुने रिपोर्ट आणा. त्या केंद्रात ताण अडेनोसिनने देतात. दम्याबद्दल कागदावर एक ओळही नव्हती आणि फोनवरही कुणी विचारलं नाही.

मुलगा मला एवढंच विचारायला आला होता की शुगरची गोळी त्या सकाळी द्यायची का. मी म्हटलं, दादा, घरात आहे नाही तेवढं सगळं औषध पिशवीत भरून आणा, आणि वडिलांनाही आणा. कपाटातलं, देव्हाऱ्याजवळचं, खिशातलं, सगळं.

पिशवी

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच होती, आणि तिला यंत्र लागलं नाही.

पिशवी टेबलावर पालथी केली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. टेल्मिसार्टन, त्यात लघवी वाढवणाऱ्या औषधाची जोड. मेटोप्रोलॉल 25, हा बीटा ब्लॉकर, छातीच्या दुखण्यासाठी नुकतंच सुरू केलेलं. रक्त पातळ व्हायची गोळी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, अजून न फोडलेली. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. दम्याचा एक पंप, ज्याचं टोपण धुळीने घट्ट बसलं होतं. म्हणजे तो वापरात नव्हता. आणि डेरिफायलीनच्या तीन पट्ट्या, त्यातली एक अर्धी रिकामी. हे कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं. "दम लागला की घेतो, मेडिकलवाला देतो," ते म्हणाले. रोज किती? "सकाळ-संध्याकाळ तर लागतीच." खाली कागदाच्या चार पुड्या निघाल्या, दम्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडून घेतलेल्या, त्यावर नाव-गाव काही नाही. शेवटी किराणा दुकानातून आणलेली सॅरिडॉनची पट्टी.

एक प्रश्न मुलगा पाण्याची बाटली आणायला बाहेर गेल्यावर विचारला : ताकदीची, म्हणजे सिल्डेनाफिलसारखी गोळी कधी घेता का? ते अवघडले, मग नाही म्हणाले. हा प्रश्न घरच्यांसमोर विचारून उपयोग नसतो, आणि न विचारून चालत नाही. टेस्टमध्ये छातीत दुखलं तर नायट्रेट (सॉर्बिट्रेट त्यातलंच) द्यावं लागतं. सिल्डेनाफिल घेऊन चोवीस तास झालेले नसतील, टाडालाफिल असेल तर अठ्ठेचाळीस तास, तर त्या नायट्रेटने रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

मग छातीला स्टेथोस्कोप लावला. दोन्ही बाजूंनी शिट्ट्या ऐकू येत होत्या.

अडेनोसिन का नको

अडेनोसिन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतं. निरोगी वाहिनीतला प्रवाह त्याने तीन-चार पटींनी वाढतो, अरुंद झालेल्या वाहिनीतला तेवढा वाढू शकत नाही, आणि हा फरक कॅमेऱ्यात दिसतो. मात्र हेच अडेनोसिन श्वासनलिका आवळू शकतं आणि हृदयातला विजेचा संदेश अडवू शकतं. म्हणून छातीत शिट्टी वाजत असेल, वरच्या दर्जाचा हार्ट ब्लॉक असून पेसमेकर नसेल, किंवा वरचा रक्तदाब 90 च्या खाली असेल तर ते देत नाहीत. रक्तातला त्याचा अर्धायुष्यकाल दहा सेकंदांपेक्षाही कमी असल्याने ठिबक थांबवली की त्रास लगेच ओसरतो. रेगाडेनोसॉन जास्त नेमकं काम करतं, एकाच इंजेक्शनात 0.4 मिलिग्रॅम देतात, पण त्याचा परिणाम जास्त वेळ टिकतो, आणि शिट्टी वाजत असलेल्या छातीला तेही जपूनच.

डेरिफायलीनचा मुद्दा मुलाला समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो वेळ द्यायलाच हवा होता. डेरिफायलीनमध्ये थिओफायलीन असतं. ते अडेनोसिनच्या बसण्याच्या जागाच अडवतं. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच कुळातलं, तेही तेच करतं. टेस्टमध्ये अडेनोसिनचा त्रास झाला तर उतारा म्हणून शिरेतून जे अमिनोफायलीन देतात, ते म्हणजे थिओफायलीनचंच रूप. थोडक्यात, जो रुग्ण डेरिफायलीन घेऊन टेस्टला येतो तो उतारा आधीच घेऊन आलेला असतो. त्याच्या वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, अरुंद आणि निरोगी वाहिनीतला फरक दिसत नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. वाईट रिपोर्टची भीती सगळ्यांनाच वाटते. मला मात्र खोट्या नॉर्मल रिपोर्टची भीती जास्त वाटते, कारण तो घेऊन माणूस निर्धास्त घरी जातो आणि परत शेत नांगरायला लागतो.

मग डेरिफायलीन दोन दिवस बंद करून अडेनोसिन द्यावं का? पंप न वापरणाऱ्या, शिट्टी वाजणाऱ्या माणसाची तीच एक गोळी बंद केली तर तो टेबलावर झोपण्याआधीच धापा टाकेल. हा पेच छापील कागदावर सुटणारा नव्हता.

चहाबद्दल एक सांगतो, कारण रुग्णाने विचारलेला प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो : "बिनदुधाचा च्या तर चालतो ना?" उपाशी राहायचं म्हणजे दूध नको, असा लोक अर्थ लावतात आणि कोरा चहा घेतात. अडेनोसिनच्या टेस्टला अडचण दुधाची नसते, पत्तीची असते. किमान बारा तास, बरीच केंद्रं सांगतात तसे चोवीस तास, चहा कुठल्याही रूपात नको; कॉफी, कोला, चॉकलेट नको. सॅरिडॉनमध्ये कॅफीन असतं, सर्दीच्या काही गोळ्यांतही असतं. आपल्याकडे पाहुणचाराचा चहा नाकारणं जड जातं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. आणि पॅरॅलिसिसनंतर रक्त पातळ ठेवण्यासाठी डायपिरिडॅमोल चालू असेल तर ते वेगळ्याच कारणाने थांबवावं लागतं : ते शरीरातलं अडेनोसिन वाढवतं, आणि टेस्टच्या औषधाचा परिणाम नको तितका तीव्र होतो. त्याला अठ्ठेचाळीस तास आधी थांबवतात, अर्थात ज्याने लिहून दिलं त्याला विचारून.

निर्णय बदलला

संभाजीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोललो. ठरलं ते असं : थॅलियमची तारीख रद्द, आधी छाती शांत करायची, मग डोब्युटामीन स्ट्रेस इको. डोब्युटामीन हृदयाला जोरात आणि वेगाने काम करायला लावतं, श्वासनलिका आवळत नाही. ईसीजीत डावा बंडल ब्लॉक असता तर चित्र गुंतागुंतीचं झालं असतं, कारण त्यात हृदयाच्या मधल्या पडद्याची हालचाल मुळातच वेगळी असते आणि डोब्युटामीनच्या टेस्टचा अर्थ लावणं अवघड जातं. इथे तो नव्हता.

औषध बदलताच काळजीची यादीही बदलली. मुलाला हेच नवल वाटलं. चहा आता तितका गंभीर मुद्दा उरला नाही, तरी त्या सकाळी नकोच म्हटलं. आता मेटोप्रोलॉल महत्त्वाचं झालं. ते चालू असेल तर डोब्युटामीन ठोके पुरेसे वाढवू शकत नाही, आणि टेस्ट अपुरी राहते. बंद करावं तर छातीचं दुखणं उसळण्याची भीती. बीटा ब्लॉकर एकाएकी सोडल्यावर तसं होतं, म्हणून कुणीही तो मनाने बंद करू नये. डोस छोटा होता, सुरू करून थोडेच दिवस झाले होते. तज्ज्ञांच्या सांगण्यावरून दोन दिवस थांबवायचं ठरलं, या अटींवर : त्या दोन दिवसांत शेतावर जायचं नाही, सॉर्बिट्रेट खिशात हवी, आणि बसल्या जागी दुखलं तर टेस्टची वाट न बघता थेट दवाखाना. बाकी ब्लडप्रेशरची गोळी चालूच. "ब्लडप्रेशरची गोळी दोन दिवस बंद" या ओळीचा अर्थ घरच्यांनी सगळ्याच गोळ्या बंद असा घेतला असता, आणि टेस्टच्या दिवशी दाब 200/110 च्या वर गेला असता तर डोब्युटामीन देताच आलं नसतं.

टॅमसुलोसिनचं कारण आणखी वेगळं. ठोके हव्या त्या आकड्यापर्यंत गेले नाहीत तर अट्रोपिन देतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने तुंबू शकते, आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर डोळ्याचा दाब चढतो. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळे तपासलेले होते, काचबिंदू नाही असं त्या कागदावर होतं. तज्ज्ञांना प्रोस्टेटबद्दल लेखी कळवलं. त्यांनी गरज पडली तर आधी हाताने चेंडू दाबायला लावून ठोके वाढवून बघू असं सांगितलं.

रक्तात पोटॅशियम 3.3 निघालं. लघवीची गोळी आणि दम्याची औषधं दोन्ही ते खाली ओढतात, आणि कमी पोटॅशियमवर डोब्युटामीन दिलं तर ठोके बिघडू शकतात. लघवीच्या औषधाची जोड काढली, किडनीकडे लक्ष ठेवून थोडं पोटॅशियम दिलं, पुन्हा तपासलं तेव्हा 4.2 होतं.

छातीसाठी छातीविकारतज्ज्ञांनी रोजचा पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून शिकवला आणि त्यावर भर देऊन डेरिफायलीन सोडवलं. पुड्यांबद्दल त्यांना मी आवर्जून सांगितलं. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि रोज स्टेरॉइड घेणाऱ्याचं ते एका दिवसात तोडणं धोक्याचं असतं. त्यांनी आपल्या देखरेखीखाली मोजून दिलेलं स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. त्या काळात शुगर चढली, ती सांभाळावी लागली. या सगळ्यात टेस्ट जवळजवळ तीन आठवडे पुढे गेली. दुखणं स्थिर होतं म्हणूनच हे परवडलं.

टेस्टचा दिवस

मानवत रोडहून पहाटेची गाडी धरून उपाशीपोटी संभाजीनगरला जायचा घरच्यांचा बेत होता. मी तो मोडला. ग्लिमेपिराइड घेणारा माणूस रिकाम्या पोटी इतका प्रवास करून पोचेपर्यंत शुगर कोसळू शकते, आणि घाम, धडधड, घाबरं होणं हे सगळं टेस्टच्या खोलीत हृदयाच्या नावावर खपतं. ते आदल्या संध्याकाळी भाच्याकडे मुक्कामाला गेले, रात्री नीट जेवले. सकाळी शुगरच्या दोन्ही गोळ्या दिल्या नाहीत. टेस्टनंतर लगेच खायला भाकरी-भाजीचा डबा बरोबर होता. पंप नेहमीप्रमाणे घेतला. तंबाखूची चंची भाच्याकडे जमा केली.

टेबलावर घेताना शुगर 138, दाब 158/92, छाती स्वच्छ. टेस्टच्या औषधांची, विजेच्या झटक्याच्या यंत्राची आणि ऑक्सिजनची तयारी शेजारीच होती. त्यांचा लक्ष्य आकडा असा : 220 वजा वय 64 म्हणजे 156, त्याचे 85 टक्के, साधारण 133 ठोके. डोब्युटामीन वजनाच्या हिशेबाने दर किलोला मिनिटाला 5 मायक्रोग्रॅमपासून सुरू झालं, मग दर तीन मिनिटांनी 10, 20, 30. त्यांना आधीच सांगितलं होतं की छाती धडधडेल, डोक्याच्या केसांत मुंग्या आल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही, पण दुखलं तर लपवायचं नाही. शेतकरी माणूस सहन करत राहतो. म्हणून हे वाक्य मुद्दाम सांगावं लागतं.

30 वर ठोके 121 असताना छाती भरून आली. त्याच वेळी इकोत हृदयाच्या पुढच्या भिंतीची हालचाल मंदावली. लक्ष्य गाठायची गरज उरली नाही, अट्रोपिनचा प्रश्नच आला नाही. औषध तिथेच थांबवलं. डोब्युटामीनचा अर्धायुष्यकाल दोनेक मिनिटांचा, तेव्हा ठोके आपोआप उतरू लागले. एरवी ते लवकर उतरवायला शिरेतून बीटा ब्लॉकर देतात. इथे दम्यामुळे तो हात राखून ठेवला आणि जिभेखाली नायट्रेट दिलं. चार मिनिटांत छाती मोकळी झाली. मुलगा पाणी आणायला गेला असताना मिळालेलं उत्तर त्या क्षणी कामी आलं.

नंतर

टेस्टनंतर त्यांना पाऊण तास तिथेच बसवून ठेवलं, ठोके आणि दाब पूर्ववत झाल्यावर डबा खाऊ दिला. थांबवलेलं औषध परत सुरू करायचं राहून जाणं हा मी वारंवार बघितलेला प्रकार आहे. टेस्ट संपली की घरचे रिपोर्टच्या मागे लागतात आणि बंद केलेली गोळी बंदच राहते. म्हणून कागदावर तारीख-वार घालून लिहिलं होतं : शुगरची गोळी आज जेवणासोबत, मेटोप्रोलॉल आज रात्री.

पुढे किडनीसाठी आधी सलाईन देऊन, मेटफॉर्मिन थांबवून, कमीत कमी डाय वापरत अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूच्या मुख्य पुढच्या वाहिनीत मोठा अडथळा होता, स्टेंट बसला. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. स्टेंटनंतरच्या गोळ्या ठरवतानाही दमा आडवा आला. टिकाग्रेलॉर हे औषध शरीरातलं अडेनोसिन वाढवतं आणि त्याने काहींना दम लागतो. दमेकऱ्यात तो दम औषधाचा की आजाराचा की हृदयाचा, हे ओळखणं कठीण, म्हणून क्लोपिडोग्रेल निवडलं.

अडेनोसिन टेस्टच्या खोलीपुरतं नसतं. ठोके एकाएकी दीडशे-दोनशेच्या वर पळायला लागले तर इमर्जन्सीत ते 6 मिलिग्रॅमपासून झटकन शिरेतून देतात, आणि त्या घाईत दम्याचं विचारायला कुणाला सवड नसते. त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने ठळक लिहिलेलं आहे : दमा आहे, अडेनोसिन जपून. त्याच पानाचा फोटो मुलाच्या आणि भाच्याच्या मोबाइलमध्ये ठेवायला लावला आहे.